गोफणीचा खांदा

१२ ऑगस्ट

धाकटे,

'प्रिय' असं लिहायला घेतलं होतं, पण खोटं कशाला लिहा. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. बाबा गेल्यावर मी तुला जे बोलले ते परत घ्यायला हे पत्र नाही. तीन वर्षं त्यांचं सगळं मी केलं आणि तू नर्स असून तिकडे परक्यांचे ताप मोजत बसलीस. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. पण तुझी मुलगी माझ्या घरात राहते, माझ्या कॉलेजात शिकते आणि माझ्या टीममध्ये खेळते. तिची खबरबात तुला कळवणं हे माझं काम आहे, आणि कामात मी कसूर करत नाही.

तब्येत उत्तम. जेवण उत्तम. अभ्यास यथातथा.

आमचा सॉफ्टबॉलचा मोसम सुरू झाला. सुरू झाला म्हणजे काय, तर प्राचार्यांनी कसल्याशा परिषदेसाठी पाहुण्यांच्या गाड्या मैदानात लावू दिल्या. दुसऱ्या बेसच्या जागी आता काळ्या तेलाचं थारोळं आहे. फलंदाज उभी राहते त्या होम प्लेटभोवती चघळून थुंकलेली च्युइंगम. मी पट्टी घेऊन उकिडवी बसले आणि एकेक खरवडून काढलं. वीस वर्षं या कॉलेजात खेळ शिकवतेय आणि कमाई काय, तर लोकांच्या तोंडातून पडलेलं गोळा करणं. प्राचार्य तिथून जाता जाता म्हणाले, "चालू द्या मॅडम तुमचं बेसबॉल." वीस वर्षं मी त्यांना सॉफ्टबॉल हा शब्द शिकवते आहे. पुढे म्हणाले, "यंदा तरी कप आणा. नाहीतर ही जागा कायमची पार्किंगला देऊन टाकू, निदान कुणाच्या उपयोगी पडेल."

सामानाच्या खोलीचं कुलूप उघडलं तर वासानंच मागे सरले. गेल्या वर्षी पॅड ओले ठेवले होते, त्यांच्यावर हिरवी लव आली आहे. कॅचरच्या मास्कमध्ये कुणाचे तरी केस अडकलेले. फलंदाजामागे चेंडू अडवणारी आमची कॅचर दांडगी आहे, मुली तिला भिंत म्हणतात. तिनं तो मास्क नळाखाली धुतला आणि तसाच तोंडाला लावला.

तुझी मुलगी मात्र काय चेंडू टाकते. हात खांद्यातून पुरता गोल फिरतो आणि चेंडू कमरेखालून सुटतो तो दिसतच नाही, नुसता भिंतीच्या ग्लोव्हमध्ये आवाज होतो. पोरींनी तिचं नाव गोफण ठेवलंय. ती टीममध्ये असेल तर कप येईल. हे मी तिला सांगितलेलं नाही, डोक्यात हवा जाते.

– ताई


५ सप्टेंबर

धाकटे,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

दोन सामने झाले, दोन्ही जिंकलो. दुसऱ्या सामन्याला परगावी गेलो होतो. तिथे मुलींना ज्या वसतिगृहात उतरवलं त्याच्या न्हाणीघराचं वर्णन मी करणार नाही, तू जेवायला बसली असशील. एवढंच सांगते की अकरा मुलींनी दोन दिवस अंघोळ केली नाही आणि मी त्यांना काही म्हटलं नाही. समोरच्या टीमचा प्रशिक्षक सामनाभर काडीनं दात कोरत होता, आणि काडीला जे लागेल ते निरखून पुन्हा तोंडात घालत होता. हरल्यावर त्यानं त्याच हातानं माझ्याशी हस्तांदोलन केलं. मी घरी येऊन साबणाची अर्धी वडी संपवली.

आमच्याकडे दोन पिचर होत्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या. दुसरीनं नखं तुटतात म्हणून खेळ सोडला. खरंच सांगते, नखं. तेव्हा आता सगळे सामने तुझ्याच मुलीवर आहेत. सामन्याच्या सातही इनिंग ती एकटी टाकते आणि वर विचारते, "मॅडम, अजून एक सामना आहे का?" मैदानावर ती मला मॅडम म्हणते, अहो-जाहो करते. घरच्या दारात बूट काढले की मावशी, आणि एकेरी. हा नियम तिनंच केलाय.

बाकी ठीक. नवीन खूळ म्हणजे हल्ली केस डाव्या हातानं विंचरते. भांग वाकडा येतो, पण सांगून ऐकेल तर शपथ.

– ताई


१८ ऑक्टोबर

धाकटे,

थोडक्यात लिहिते, वेळ नाही. आठवड्यात चार सामने झाले. एक हरलो, तीन जिंकलो, उपांत्य फेरीत आलो.

या टीमचा मला वीट आलाय. तिसऱ्या बेसवरची मुलगी इनिंग चालू असताना बुटाची लेस बांधायचं निमित्त करून फोन बघते. तिच्या पायांमधून चेंडू गेला आणि ती हसली. मुलींच्या आया बाकाच्या मागे उभ्या राहून मला सल्ले देतात. त्यातली एक म्हणते, माझी मुलगी उन्हात काळी पडली, तिला सावलीत उभी करा. मैदानात सावली कुठे ठेवू, खिशात?

रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी बाल्कनीत जाऊन उभी राहते, तुला माहीत असेल. तुमचं बोलणं ऐकायची मला हौस नाही. गेले दोन रविवार मात्र मी बाल्कनीत पोचते न पोचते तोच ती हाक मारते, "झालं, ये आत." काय झालं म्हणून मी विचारत नाही. माय-लेकींमध्ये मी कशाला पडू.

– ताई


१२ नोव्हेंबर

धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. पाच वर्षांनी बहिणीला लिहिलंस ते दोन ओळी. 'ती माझा फोन का उचलत नाही? आणि केस डाव्या हातानं का विंचरते?' खाली सहीसुद्धा नाही. वॉर्डातल्या तक्त्यावर याहून जास्त लिहीत असशील.

पहिल्याचं उत्तर : मुलं मोठी झाली की आईबापांशी बोलायचं कमी होतं. तू नव्हतीस का अशी? तिनं तुला 'मी ठीक आहे' असा मेसेज केलाय हे मला माहीत आहे, मग ती ठीकच असणार. दुसऱ्याचं उत्तर : वय आहे, नखरे आहेत.

इकडे मी कारकुनांच्या तावडीत सापडले आहे. अंतिम फेरीआधी आयोजकांच्या कचेरीत खेळाडूंचे फॉर्म द्यायचे असतात. टेबलावर चहाच्या कपांची वर्तुळं, त्यात चिकटलेल्या माश्या, आणि पलीकडे बसलेला माणूस पेनाच्या टोपणानं कान साफ करत होता. एका फॉर्मवर पालकांची सही हवी आणि प्रशिक्षकाची शिफारस हवी. त्यानं विचारलं, "पालक कोण?" मी म्हटलं, "मीच." "आणि प्रशिक्षक?" म्हटलं, "तीही मीच." तो म्हणाला, "मग पालकांशी बोलून घ्या की." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. मी दोन्ही सह्या केल्या. पेन त्याचंच घ्यावं लागलं.

– ताई


१४ डिसेंबर

धाकटे,

कप आला. तीन-दोन. वीस वर्षांत पहिला.

सत्कार झाला. प्राचार्यांनी भाषणात चार वेळा बेसबॉल म्हटलं. पेढ्याच्या खोक्यात हात घालून घालून सगळ्यांनी पेढ्यांचा लगदा केला होता, तोच ते पुढे करत होते. ज्या आईला सावली हवी होती ती माझ्या गळ्यात पडली, तिच्या घामाचा ओला पट्टा माझ्या साडीवर उमटला. फोटोग्राफरनं मुलींना ओळीत उभं केलं आणि तुझ्या मुलीला म्हणाला, "तू पिचर ना, तू मधे ये, दोन्ही हातांनी कप वर धर." ती आली नाही. कडेला उभी राहिली. फोटोत तिचा उजवा हात स्वेटरच्या खिशात आहे. कप भिंतीनं धरला.

पार्किंगचं रद्द झालं. पुढच्या वर्षी नवीन मास्क देतो म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन मी उलटी केली. खोक्यातला पेढा बाधला असेल.

तुझे फोन आले होते. सात. मी उचलले नाहीत. कसं वाटतं ते आता कळलं असेल तुला.

– ताई


९ जानेवारी

धाकटे,

मागची पत्रं जवळ असतील तर फाडून टाक. आधी हे वाच, उभी असशील तर बस.

तिचा उजवा खांदा गेला आहे. आतला स्नायूबंध हाडापासून सुटलाय. ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतरही ती पुन्हा चेंडू टाकू शकेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. वरच्या फळीवरचा डबा काढता येईल, वर्षभरानं, व्यायाम केला तर. तू नर्स आहेस, तुला अहवाल कळेल, सोबत जोडला आहे. आता हे कसं झालं ते सांगते. मधे थांबू देऊ नकोस मला.

सप्टेंबरपासून दुखत होतं. केसांवरून तुझ्या लक्षात आलं, शेकडो कोसांवर बसून. माझ्या समोर ती रोज आरशात उभी असायची. मला दिसत नव्हतं असं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "थोडं फाटलंय. सहा आठवडे चेंडूला हात लावू नका, आपोआप भरेल. नाही थांबलात तर भरणार नाही." सहा आठवड्यांत चार सामने आणि उपांत्य फेरी होती. घरी तिनं बूट काढले आणि म्हणाली, "मावशी, आईला विचार. तिला यातलं कळतं. ती खेळ म्हणाली तर खेळेन, थांब म्हणाली तर थांबेन."

मी तिला म्हटलं, विचारते.

तुला फोन केला असता तर तू उचलला नसतास, अशी मी स्वतःची समजूत घातली. तेही खोटंच. मी फोन हातातसुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध पीत होती. मी गॅसकडे तोंड करून सांगितलं, "आईशी बोलले. म्हणाली, एवढ्याशानं काही होत नाही, खेळू दे."

माझी पाठ तिच्याकडे होती. खांद्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "तुम्ही दोघी बोललात?" मी वळून पाहिलं. इतका आनंद मी तिच्या तोंडावर जिंकल्यावरही कधी पाहिला नव्हता. "किती वेळ बोललात? भांडलात नाही ना?" मी म्हटलं, नाही भांडलो. आणि तिनं विश्वास ठेवला, धाकटे. आपण दोघी बोललो याचा तिला इतका आनंद झाला की बाकीच्यावर तिनं आपोआप विश्वास ठेवला.

मग ती रविवारची वाट पाहू लागली. तू विचारशील, हात कसा आहे. तू विचारलं नाहीस, तुला माहीतच नव्हतं. ती आपणहून बोलली नाही, आपल्या घरचा ताठा तिच्यातही आहे. दुसऱ्या रविवारी तू तिला परीक्षेबद्दल विचारलंस. तिसऱ्या रविवारी हवा कशी आहे म्हणून विचारलंस. तिला वाटलं, आईला सगळं ठाऊक आहे आणि आईला काही पडलेली नाही. त्यानंतर तिनं फोन उचलायचा सोडला. मी बाल्कनीत उभी राहून हे सगळं पाहत होते. आता जे लिहिणार आहे ते लिहिताना माझीच मला शिसारी येते, पण लिहिते. मला आतून बरं वाटलं होतं. म्हटलं, कळू दे हिलाही, कुणी पाठ फिरवली की कसं वाटतं.

आयोजकांच्या फॉर्मचा मी विनोद करून लिहिला होता. तो फॉर्म फक्त दुखापतीवर उपचार चालू असलेल्या खेळाडूंसाठी असतो. एकानं धोका पत्करायला सांगितलं तर दुसऱ्यानं नको म्हणावं, म्हणून दोन सह्या. मी दोन्हीकडे बसले होते, नको म्हणायला कुणी उरलंच नव्हतं.

अंतिम सामन्यात पाचव्या इनिंगनंतर ती पाण्याची बाटली डाव्या हातानं धरत होती. भिंत माझ्याकडे आली. मास्क वर करून हळूच म्हणाली, "मॅडम, चेंडू सोडताना ती कण्हते. मला तिकडे ऐकू येतं." मी म्हटलं, "तू मास्क नीट लाव आणि खेळाकडे लक्ष दे." सहाव्या इनिंगला तो आवाज मलाही बाकावर ऐकू आला. सातवी मी तिलाच टाकायला लावली. शेवटचा चेंडू सुटला, फलंदाज बाद झाली, सगळ्या मुली तिच्या अंगावर धावल्या, आणि ती ओरडली. लोकांना वाटलं आनंदानं ओरडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आजवर मी तुला मास्कमधले केस लिहिले, दात कोरणारा माणूस लिहिला, माश्या लिहिल्या. किळस करायला जग मोकळं पडलं होतं. स्वतःचं तोंड तेवढं कधी पाहिलं नाही.

चार दिवसांपूर्वी ऑपरेशनचं विचारायला गेलो तेव्हा डॉक्टर तिच्यावर रागावले. "मी थांबायला सांगितलं होतं ना? घरात कुणी अडवलं नाही?" ती म्हणाली, "आईनं खेळायला सांगितलं. ती नर्स आहे." डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "नर्स आहे आणि असं सांगितलं?" ती खाली मान घालून बसली, तुझ्या वतीनं शरमून. तेवढं मात्र मला बघवलं नाही. तिथेच, डॉक्टरांसमोर, मी सांगून टाकलं की आईला कुणी विचारलंच नव्हतं.

ती रडली नाही. मला वाटलं होतं खांद्याचं बोलेल, कपाचं बोलेल, निदान शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्ही दोघी बोललाच नव्हता?"

घरी आलो. दारात बूट काढून आत गेल्यावर ती म्हणाली, "मॅडम, माझी बॅग माळ्यावरून काढून द्याल का? माझा हात पोचत नाही."

मी आयोजकांना सगळं कळवलंय आणि कॉलेजात राजीनामा दिलाय. डॉक्टरांची मनाई लपवून तिला खेळवलं म्हणून आयोजकांनी कप परत मागितला. काल भिंत दारात येऊन उभी राहिली. तिला आत ये म्हटलं, आली नाही. म्हणाली, "चूक तुमची होती मॅडम. आमचा कप का गेला?" मी नुसती चौकट धरून उभी राहिले, मग ती निघून गेली. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. त्यांना वाटलं मी राजीनामा मागे घ्यायला आलेय. शेवटी म्हणाले, "परत करताना कप जरा पुसून द्या, कॉलेजचं नाव आहे." मी पुसून दिला.

बाबांच्या वेळी तू का आली नाहीस हे मी तुला कधी विचारलंच नाही. थेट बोलले. विचारलं असतं तर कदाचित काही कारण निघालं असतं, आणि मग मला रागवायला काही उरलं नसतं. आता विचारत नाही. तुला कधी वाटलं तर सांग, नाही वाटलं तर राहू दे. मला माफ कर असंही लिहीत नाही, तेवढं तोंड मला राहिलेलं नाही.

ती शनिवारी दुपारच्या गाडीनं निघते, रविवारी सकाळी तुझ्याकडे पोचेल. ऑपरेशन तुझ्याच हॉस्पिटलात करायचं तिनं ठरवलंय. तुला आधी फोन करणार नाही म्हणते, समोर येऊनच बोलेन. म्हणून हे पत्र आज कुरियरनं धाडते आहे, तिच्या आधी मिळेल. स्टेशनवर जा. तिनं नको म्हटलं तरी जा.

झोपताना ती डाव्या कुशीवर झोपते, उजव्या हाताखाली उशी लागते. गोळी जेवणानंतर, रिकाम्या पोटी दिली तर ओकते. स्वेटर घालताना आधी उजवी बाही, मग डावी. बटणं तिला लावता येत नाहीत, पण ती मदत मागत नाही, तू आपणहून लाव. मला लावू दिली नाहीत.

आणि गाडीतून उतरल्यावर तिला एकदम मिठी मारू नकोस. डावीकडून जवळ घे. उजवीकडे फार दुखतं.

– ताई